स्वतःच्या जबाबदारीवर

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकवीस, शिक्षण कॉलेजचे दुसरे वर्ष (अर्धे), धंदा विचाराल तर आई शेजारणींना सांगते "शिकतोय" आणि वडील सांगतात "काही नाही", राहणार सरकारी शाळेच्या मागच्या गल्लीत, थोरल्या भावाच्या घरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि पुऱ्या शुद्धीत लिहीत आहे. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. घरातल्या सगळ्यांचा दबाव हे लिहू नये असाच आहे. कसलीही नशा केलेली नाही. रागात आहे. पण रागात असणे म्हणजे शुद्धीत नसणे असा अर्थ कोणी काढू नये, कारण तसा काढला तर माझे आजवरचे एकही काम कायदेशीर ठरणार नाही.

याआधीचे मृत्युपत्र नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

मला मरायचे नाही, हेही सुरुवातीलाच नोंदवतो. येत्या रविवारी उजाडले की मी शाळेच्या वरच्या मजल्यावर जाऊन तिथले बाक आणि भिंतीवरचे फळे खाली आणणार आहे. शाळा सोमवारी पाडणार आहेत. जिना मधल्या वळणावर खचलेला आहे, वरच्या छताच्या सळया उघड्या पडल्या आहेत आणि दारावर पाटी आहे: "इमारत धोकादायक. आत जाणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर जावे." काही झालेच तर मागे घोळ नको, म्हणून हा कागद.

कलम एक. कारण.

मृत्युपत्रात कारण द्यावे लागत नाही असे कोर्टाबाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्याने मला सांगितले. मी देणार आहे. आमच्या शाळेचा पट कमी झाला म्हणून ती गेल्या वर्षी मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत विलीन केली. मुले गेली, बाक राहिले. तिकडे मुले फरशीवर बसतात. बाक इथे वर आहेत, चांगले लोखंडी पायांचे, निम्म्याहून जास्त मी स्वतः दुरुस्त केलेले. ते तिकडे न्यावेत म्हणून मी वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला. तिथल्या क्लार्कशी झालेले बोलणे जसेच्या तसे देतो.

"बाक हलवता येणार नाहीत. डेडस्टॉक आहे, सरकारी नोंदीतलं सामान. आधी निर्लेखन व्हायला पाहिजे." निर्लेखन म्हणजे वस्तू निकामी ठरवून सरकारी नोंदीतून काढून टाकणे.

"मग करा की निर्लेखन."

"समिती बसली की होईल."

"समिती कधी बसणार?"

"सदस्य नेमले की."

"आणि शाळा सोमवारी पाडणार?"

"तो बांधकाम विभाग. बाक आमच्याकडे, इमारत त्यांच्याकडे."

"म्हणजे बाक आत असताना इमारत पाडणार. मग निर्लेखन कसलं करणार?"

"मग तर सोपंच झालं की," तो म्हणाला. "मोडलेले समोरच दिसतील."

मी विचारले, मी आत जाऊन काढून आणले तर? त्याने चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "पाटी वाचलीस ना? स्वतःच्या जबाबदारीवर. आधी मृत्युपत्र करून ठेव आणि मग जा." आजूबाजूच्या टेबलांवरचे हसले. मी चेष्टा गिळणारा माणूस नाही. त्याच दुपारी कोरे कागद घेतले.

चौथीच्या वर्गाला नागरिकशास्त्र मीच शिकवत असे, मानधनावर, म्हणजे मान नाही आणि धनही नाही. त्यात एक धडा होता, सार्वजनिक मालमत्ता जपणे ही प्रत्येकाची स्वतःची जबाबदारी आहे, असा. मुलांकडून तो मी पाठ करून घेतला. आता तेच शब्द पाटीवर आले आहेत आणि अर्थ उलटा झाला आहे. धड्यात "स्वतःची जबाबदारी" म्हणजे या, हात लावा. पाटीवर म्हणजे मेलास तर आम्हाला विचारू नकोस.

कलम दोन. पोटमाळा.

घर भावाचे आहे. त्यातला पोटमाळा माझा, असे सगळे म्हणतात, कारण तिथे दुसरा कोणी ताठ बसू शकत नाही. तो मी माझ्या पुतणीला देतो. ती तिसरीत आहे आणि घरात तिला ठमाबाई म्हणतात. तिने तिथे बसून अभ्यास करावा. दादाने तिथे रिकामे डबे ठेवू नयेत.

रविवारचे काम मी क्लार्कच्या हसण्यावरून करतो आहे असे घरच्यांना वाटते. ठमीला विचारावे. मी तिला विचारले होते, नव्या शाळेत कसं वाटतं? ती म्हणाली, "काका, मी पुढच्या मुलीच्या पाठीवर वही ठेवून लिहिते. तिला गुदगुल्या होतात, मग माझं अक्षर हलतं." मी तिची वही पाहिली. अक्षर खरोखर हलले आहे.

कलम तीन. सायकल.

सायकल दादाला. पुढचा ब्रेक लागत नाही, हे त्याला माहीत आहे, कारण तो त्यानेच मोडला. याहून जास्त काही लिहीत नाही. त्याने मला तीन वर्षे पोसले आणि एकदाच बोलून दाखवले. पोस्टातल्या खात्यात जे असेल ते आईला. वडिलांना माझे घड्याळ. ते मी वेळेवर उठत नाही म्हणून त्यांनीच आणले होते.

कलम चार. हत्यारे आणि सह्या.

पाने, पक्कड, हातोडी, स्क्रू ड्रायव्हर आणि पत्र्याच्या डब्यातले सगळे नटबोल्ट शाळेच्या शिपाईमामांना द्यावेत. बाक दुरुस्त करायला मला त्यांनीच शिकवले. हातोडी मारताना ओठ चावू नये, हेही त्यांचेच.

पण त्यांच्याबद्दलचा राग याच कलमात लिहितो, दुसरीकडे जागा नाही. शाळा बंद करू नका असे निवेदन मी लिहिले आणि सह्यांसाठी सगळा वॉर्ड फिरलो. पहिली सही मामांची असावी म्हणून आधी त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "सही सोडून काय वाटेल ते सांग, बाळा. तुझ्याबरोबर उन्हात उभा राहतो, पाणी आणून देतो, घंटा बडवतो. पण माझी पेन्शन यायची आहे." त्यांनी खरेच पाणी आणून दिले. मी दोन तांबे प्यायलो आणि कोरा कागद घेऊन पुढे गेलो.

समोरच्या शिवणाच्या दुकानात काकू म्हणाल्या, "आधी बाकीच्यांच्या होऊ देत, मग माझी घे." बाकीचेही हेच म्हणाले. औषधाच्या दुकानदाराने निवेदन पूर्ण वाचले, दोन शुद्धलेखनाच्या चुका काढून दिल्या आणि सही केली नाही. ज्यांची पोरे त्याच शाळेत शिकत होती तेही म्हणाले, "नाव आलं तर उद्या दाखला मिळायला त्रास होईल." आणि सगळे, अगदी एकूण एक, जाताना एकच वाक्य बोलले: "तू हो पुढे, आम्ही आहोत मागे."

मी पुढे झालो. चौकात पोचल्यावर मागे वळून पाहिले. एक गाय होती.

वहिनी हे ऐकून हसल्या होत्या. मग म्हणाल्या, "भावोजी, एवढा जीव टाकताय त्या बाकांवर, ते काय तुमच्या लग्नात लागणार आहेत का?" मी नटबोल्टचा डबा घेऊन पोटमाळ्यावर गेलो. त्यांनी मग पुढे काही विचारले नाही. वहिनींना सगळे कळते आणि त्या बोलत नाहीत, म्हणून या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक म्हणून मी त्यांनाच नेमतो. घरात सुरू केलेले काम संपवणाऱ्या त्या एकट्याच आहेत.

कलम पाच. राज्यशास्त्राचे पुस्तक.

हे माझ्या कॉलेजच्या सरांना परत करावे. सर "सुशासन" हा धडा पिवळ्या पडलेल्या कागदावरून सांगत: पारदर्शकता, उत्तरदायित्व, सहभाग. आम्ही उतरवून घेत असू. मी उभा राहून विचारले, "सर, मुलींच्या संडासाला वर्षभर कुलूप आहे, ते यातल्या कोणत्या मुद्द्यात येतं?" वर्ग हसला. सरांनी मला प्राचार्यांकडे पाठवले. प्राचार्य म्हणाले, माफीनामा लिही. मी म्हणालो, आधी कुलूप काढा. ते म्हणाले, किल्ली हरवली आहे. एवढी मोठी संस्था आणि तिच्यात एक किल्ली नाही, आणि माफी मी मागायची. दप्तर उचलले आणि निघालो, ते आजपर्यंत परत गेलो नाही.

सरांवर राग नाही. त्यांनी माझी हजेरी नंतरही महिनाभर लावली होती.

कलम सहा. नगरसेवकांसाठी.

शाळेच्या फाटकावर "शाळा वाचवणारच" असा जो फलक आहे, हात जोडलेल्या फोटोसह, तो आमच्या नगरसेवकांचा आहे. तो मी त्यांना देऊ शकत नाही, कारण तो त्यांचाच आहे. मात्र सोमवारी मशीन आले की फाटक आधी पडेल, म्हणून रविवारी बाकांबरोबर मी फलकही उतरवीन आणि भिंतीला टेकवून ठेवीन. तो त्यांच्या घरी पोचता करावा. कापड चांगले आहे. पुढच्या वेळी फक्त "शाळा" हा शब्द बदलावा लागेल.

कलम सात. तिसरीच्या बाई.

हे कलम मी चार वेळा लिहून फाडले.

आमच्या शाळेत तिसरीला एक बाई होत्या. माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या. मी कॉलेज सोडून शाळेत मानधनावर गेलो त्याचे कारण नागरिकांचे कर्तव्य असे मी सगळीकडे सांगितले. ते खोटे नव्हते. पण त्या तिथे नसत्या तर मी दुसऱ्या एखाद्या कर्तव्याचा विचार केला असता.

वरच्या मजल्यावर तिसरीच्या वर्गात खिडकीजवळ एक बाक आहे. त्यावर समोरासमोर बसून आम्ही सहामाहीचे पेपर तपासत असू. त्या लाल शाई वापरत नसत, हिरवी वापरत. म्हणत, "चूक ती चूकच, पण रक्त कशाला काढायचं." शाळा बंद होण्याच्या महिन्यात मी तिथेच त्यांना जे सांगायचे ते सांगितले. त्यांनी पेपर खाली ठेवला नाही. म्हणाल्या, "तुझं माझ्यावर प्रेम आहे की तुझ्या आंदोलनात एक माणूस कमी पडतंय?"

मी म्हणालो, "दोन्ही."

त्या हसल्या, आणि मला वाटले झाले. पण काही झाले नाही. त्या म्हणाल्या, "हे बघ, माझ्या पगारावर घरात तीन माणसं आहेत. मला खाजगी शाळेत बोलावलंय, मी जाणार आहे. तू रागाव." मी रागावलो. त्यांच्या अपेक्षेपेक्षा जास्तच रागावलो. तिथली जागा रिकामी व्हायला वर्ष गेले, तोवर त्या रस्त्यापलीकडच्या शाळेत तिसरीलाच होत्या; सोमवारी, इकडे मशीन येईल त्या दिवशी, त्या खाजगी शाळेत रुजू होतील.

तो खिडकीजवळचा बाक मी सगळ्यात आधी खाली आणणार आहे आणि तो तिसरीच्या बाईंना देतो. बाक सरकारचा आहे, मी कसा देणार, असे कोणी विचारील. धड्याप्रमाणे सार्वजनिक मालमत्ता सगळ्यांची आहे. मग तिच्यात माझा हिस्सा असलाच पाहिजे. रस्त्यावरच्या दिव्यात आहे, नळाच्या तोटीत आहे, ज्या दवाखान्यात डॉक्टर नाही त्याच्या खुर्चीत आहे. हे सगळे हिस्से मी कधी मागितले नाहीत. सगळ्यांच्या बदल्यात तो एक बाक मागतो आणि तो त्यांना देतो. त्यांनी त्यावर काहीही ठेवावे. रोपे ठेवली तरी चालतील.

कलम आठ. उरलेले.

वरीलपैकी ज्याला जे दिले ते त्याने घेतले नाही, किंवा कायद्याने ते देणे टिकले नाही, तर ते या वॉर्डातल्या समस्त रहिवाशांना मिळून जावे. दुसरे कोणी सुचत नाही. "आम्ही आहोत मागे" असे ते म्हणाले होते; मागे राहणाऱ्यांनाच उरलेले मिळते.

कलम नऊ. सभा.

काही झाल्यास शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर शाळेच्या जागेवर घेऊ नये, लोकांना बसायला बाक लागतील आणि बाक कुठे असतील ते वर आलेच आहे. दोन मिनिटे स्तब्ध उभे राहू नये. हा वॉर्ड पुरेसा स्तब्ध राहिला आहे. त्या जागेवर जे दुकानांचे संकुल होणार आहे त्याला माझे नाव देऊ नये. कोणी देणार नाही, तरी लिहून ठेवतो.

साक्षीदारांविषयी.

इथे मी अडकलो. दोन साक्षीदार लागतात. अर्ज लिहिणारा म्हणाला, "ज्याला या कागदातून काही मिळणार त्याची किंवा त्याच्या नवरा-बायकोची साक्ष घेऊ नकोस. मिळकत तरी जाते, नाहीतर भांडण तरी होतं." म्हणजे आई, वडील, दादा, वहिनी, मामा बाद. राहिले ते, ज्यांना माझ्याकडून काहीच मिळणार नाही. त्यांच्याकडे मी कालपासून फिरतो आहे. शिवणवाल्या काकू म्हणाल्या, "आधी दुसऱ्याची होऊ दे." औषधवाल्याने "मृत्युपत्र" हा शब्द बरोबर लिहिलास म्हणून कौतुक केले आणि गिऱ्हाइकाकडे वळला. निवेदनाच्या वेळी मला वाटले होते लोक घाबरतात. आता वाटते तसे नाही. आपल्याला मिळणार असेल तर सही चालत नाही, आणि मिळणार नसेल तर कोणी करत नाही. एवढ्या एका नियमावर हा सगळा वॉर्ड चालतो, आणि मी सुशासनाची लक्षणे पाठ करत बसलो होतो.

साक्षीदार क्रमांक एक कसे मिळाले ते सांगतो. आज शनिवार, अर्धा दिवस. मी कागद घेऊन वॉर्ड ऑफिसात गेलो, त्याच क्लार्कला सांगायला की बघ, केले. तो घरी जायच्या घाईत होता. मी त्याच्या टेबलावर, त्याच्यासमोर, शेवटच्या पानावर सही केली. बोलायला तोंड उघडले तोवर त्याने कागद ओढला, खाली सही ठोकली, "आवक"चा शिक्का मारला आणि माझ्याकडे सरकवला. "सोमवारी चौकशीला ये," म्हणाला. त्याने एक अक्षर वाचले नाही. वर्षभरात मी त्या ऑफिसात दिलेला प्रत्येक अर्ज काहीतरी खोट काढून परत आला. मंजूर झाला तो हाच.

हे एवढे मी आता शाळेच्या पायरीवर बसून उरलेल्या जागेत लिहीत आहे. ऊन कलले आहे. दुसरी सही अजून नाही.

(पुढचे समासात लिहितो, खाली जागा सह्यांसाठी ठेवली आहे.)

तिसरीच्या बाई आल्या होत्या. वहिनींनी निरोप धाडला असणार. पाटीकडे पाहिले, जिन्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "दे."

मी म्हणालो, "तुमची चालणार नाही. तुम्हाला त्यात काहीतरी आहे."

"काय आहे?"

"वाचा."

त्या पायरीवर बसल्या आणि पहिल्यापासून वाचायला लागल्या. सर्व पाने. मध्ये एकदा हसल्या, कुठे ते मला दिसले नाही. कलम सातला बराच वेळ थांबल्या. पर्समधून पेन काढले, हिरवे, आणि म्हणाल्या, "सही केली की ते कलम जाणार ना?"

"हो."

"बाक मग कोणाला?"

"वॉर्डाला. कलम आठ."

"ज्यांनी सही केली नाही त्यांना."

"हो."

त्यांनी पेनाच्या टोपणाची उघडझाप केली. मी म्हणालो, नका करू, मी दुसरा माणूस शोधतो. त्या म्हणाल्या, "कुठला? कालपासून मिळाला का एक तरी?" माझी क्लार्कसमोरची सही त्यांना चालेना. म्हणाल्या, "माझ्यासमोर पुन्हा कर. न बघता मी साक्ष देत नाही." मी पुन्हा सही केली. मग त्यांनी केली.

सबब कलम सात रद्द समजावे. तो बाक वॉर्डाच्या समस्त रहिवाशांचा.

सही: (दोनदा केली आहे, दोन्ही माझ्याच)

स्थळ: सरकारी शाळेची पायरी, पाटीखाली
दिनांक: पाडण्याच्या आधीचा शनिवार, संध्याकाळ

साक्षीदार १: सही वाचता येत नाही. शिक्का: आवक, वॉर्ड ऑफिस.

साक्षीदार २: तिसरीच्या वर्गाची शिक्षिका, उद्यापर्यंत. सदर इसमाने माझ्यासमोर सही केली. शुद्धीवर आहे. बाक एकट्याला उचलत नाही, हे त्याला सांगितले. म्हणाला, दोर आहे. उद्या मला येता येणार नाही, हेही सांगितले. मला यातले काही नको. वाचून सही केली.